रक्ताच्या टिकलीभोवती

राजारामला आज काहीच उगवायला नको होतं.

सांगलीच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळेत कामाला होता. त्याची बहीण मुक्ता इस्लामपुरात दिलेली. तिचा थोरला गुंडा, एवढा मोठा झाला तरी बोलायचा नाही. केस भुरे, लघवीला उंदरांचा वास. देवऋषी झाले, अंगारे झाले. मग कॉलेजातल्या सरांनीच राजारामला सांगितलं, की अन्नातलं फेनिलॅलनिन नावाचं अमिनो आम्ल एखाद्या पोराला पचत नाही. ते रक्तात साठतं आणि मेंदूची वाट लावतं. गुंडाचं रक्त तपासलं. तेच निघालं. जन्मल्यापासून ते अन्नातनं टाळलं तरच मेंदू वाचतो; गुंडाची वेळ गेलेली.

आता मुक्ताला पोरगी झाली होती. राजारामनं पोरीच्या टाचेतलं रक्त कागदाच्या टिकलीवर वाळवून ती टिकली काचेच्या बशीत ठेवली. बशीत जंतू होते, आणि त्यांची वाढ अडवून धरणारं औषध. रक्तात फेनिलॅलनिन जादा असलं तरच त्या औषधाचं काही चालत नाही, टिकलीभोवती जंतू माजतात. ताडून बघायला शेजारी त्यानं स्वतःच्या रक्ताची टिकली ठेवली होती.

सकाळी प्रयोगशाळेत त्यानं बशी बाहेर काढली, तर मुक्ताची सासू राहीबाई मागंच उभी.

"आत्ती, भाईर बसा की."

"बगू तर द्या." तिनं बशीत डोकं घातलं. एका टिकलीभोवती काहीच नाही. दुसरीभोवती पांढरं, दाट कडं. "ही मोकळी कुनाची?"

"माजी."

"आन् ही पोरीची? आगं बया! नवरात्रात घटाला बी इतकं दाट येत न्हाई. पावनं, तुमचं रगात वांझ निगालं की वो!" ती हसली. लय दिवसांनी हसली. "मुक्ते, आगं उगावलं बग!"

सगळा जन्म रानात गेलेली बाई. तिला उगवलेलं वाईट, हे कसं सांगायचं?

तो बशी तशीच ठेवून व्हरांड्यात आला. मुक्ता पोरीला पाजत बसली होती. सासूची हाक तिनं ऐकली होती, पण बघितलं भावाच्या तोंडाकडं. मग हळूच पोरीला पदराआडनं बाहेर काढलं.

"दुदात बी असतंय न्हवं त्ये?"

"व्हय."

"मग काय पाजू रं, दादा?"

अशा पोरांसाठी ते आम्ल काढलेली दुधाची पावडर परदेशात मिळते. सरांचं मुंबईला विचारून झालं होतं. तिथंही नव्हती.

पोरगी रडायला लागली. आधी कुरकुर, मग टाहो. राहीबाई आतनंच विचारत होती, "काय झालं? आवं, काय झालं?"

मुक्ताची चोळी ओली होत चालली. ती हलली नाही. तो सांगेल तसं करायला बसून राहिली.

"पाज," राजाराम म्हणाला.