दुखणं कधीचं

दीपालीने सोनबांच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि पट्टी टेबलावरच्या छोट्या यंत्रात सरकवली.

"पंधरा मिनिटं थांबायचं," ती म्हणाली.

"तेवढा वेळ कुठाय, सिस्टर? पाचला आमच्या शेफालीला बघायला पाहुणे यायचेत. बाप दवाखान्यात म्हटल्यावर काय म्हणतील ते?"

त्यांची बायको शालू शेजारी उभी होती. तिने नुसता पदर सारखा केला.

कोपऱ्यात डॉक्टर सुनीती बसल्या होत्या. हृदयविकाराचा झटका ओळखणारं हे यंत्र शहरातल्या लहान दवाखान्यांना द्यावं का, हे ठरवण्यासाठी तज्ज्ञांची एक समिती नेमली होती. त्या समितीत त्या होत्या. यंत्र प्रत्यक्षात कसं वापरतात ते पाहायला येरवड्याच्या पुढच्या या दवाखान्यात त्या आज आल्या होत्या.

अडीच वाजता आकडा आला. नॉर्मल. ईसीजीतही काही दिसलं नव्हतं.

"काका, छातीत दुखायला कधी लागलं म्हणालात?"

"सकाळी सातला. जुनंच हाय. पित्ताचं."

दीपालीने सुनीतींकडे पाहिलं. "मॅडम, सात तास होऊन गेले. झटका असता तर एव्हाना रक्तात दिसला असता. सोडू ना घरी?"

सोनबांनी चपलेत पाय घातलेसुद्धा.

सुनीतींनी स्टूल शालूजवळ ओढलं. "जेवले का हो हे आज?"

"जेवले की. साडेबाराला. दोन भाकरी न् वर ठेचा. पाहुण्यांची नक्कल करून पोरीला हसवत होते."

"छातीत दुखत असताना?"

शालूने नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागले.

"तवा कुठं दुखत होतं? दीडला खुर्च्या मांडताना छाती धरून खाली बसले. घामानं सदरा पार भिजला. हा दुसरा हाय अंगावर."

"तुला कुणी विचारलं?" सोनबा पुटपुटले. मग सुनीतींकडे न बघता म्हणाले, "जुनं दुखणं म्हटलं की डॉक्टर गोळी देऊन सोडतात. नवं म्हटलं की ठेवून घेतात."

दीपालीचा चेहरा उतरला. "पण मॅडम, यंत्र तर..."

"यंत्र बरोबरच सांगतंय. चुलीवर दूध ठेवून लगेच बोट बुडवलंस तर कसं लागेल?"

"गारच."

"मग चूल पेटलीच नाही असं म्हणशील?"

दीपालीने सोनबांच्या कागदावरचं 'सात' खोडून 'दीड' लिहिलं, त्यांना रक्त पातळ करणारी एक गोळी चावून खायला लावली आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. तासाभराने पुन्हा सुई टोचली.

या खेपेला आकडा चौपट होता.

"रुग्णवाहिका बोलावते," दीपाली म्हणाली. नंबर तिने पहिल्या फटक्यात बरोबर लावला.

"अजून वेळ आहे आपल्या हातात," सुनीती सोनबांना म्हणाल्या. "चांगला भरपूर आहे. मोठ्या रुग्णालयात सगळं तयार ठेवायला सांगते."

शालू बाहेर जाऊन फोन करून आली.

"पाहुण्यांना काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं."

"अगं, पण..."

"आजारी बाप ज्यांना चालत नाही, त्यांच्या घरी पोरगी तरी कशाला द्यायची?"

पायांतल्या चपला सोनबांनी आपणच काढल्या आणि स्ट्रेचरवर आडवे झाले.

रुग्णवाहिकेतला डॉक्टर तरुण होता. दार लागता लागता त्याने विचारलं, "काका, दुखायला कधी लागलं?"

सोनबांनी शालूकडे पाहिलं. ती खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिली.

"दीडला," सोनबा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "अन् लई दुखतंय हो."