मागच्या बाजूचं बकल

साहेब, तुम्ही माझ्या बहिणीला बुडवायला निघाला आहात, आणि तेसुद्धा मी शिवलेल्या पट्ट्याने.

वाचून राग आला तर येऊ द्या. मी गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा माणूस. शाळा आठवीत सुटली, पुढचं लिहिणं-वाचणं माझं मीच केलं, त्यामुळे 'आपला नम्र' वगैरे मला जमत नाही. तुमच्या तलावाच्या नियमपत्रकात कलम सात आहे. 'अपंग व्यक्तीस होडीतील आसनाशी पट्ट्याने घट्ट बांधावे. बकल आसनाच्या मागील बाजूस असावे, जेणेकरून सदर व्यक्तीकडून ते चुकून उघडले जाणार नाही.' खाली नमुना म्हणून एक फोटो छापलाय. त्या फोटोतली सीट माझी आहे. कोपऱ्यावर आलो की मी दोरा एकदा मागे घेऊन मग पुढे नेतो. ही माझी खोड आहे, शंभर सीटांमध्ये मी माझी सीट ओळखेन.

ती सीट कुठून आली आणि तिने काय केलं, ते आता ऐका. फोटो छापण्याआधी ऐकायला हवं होतंत.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अकरा वर्षांपूर्वी गोदामातल्या शिडीवरून पडली. तेव्हापासून कमरेखाली ताकद नाही आणि स्पर्शही कळत नाही. फोन कंपनीच्या तक्रार कक्षात ती काम करते. दिवसभर लोक तिच्यावर खेकसतात आणि ती गोड आवाजात म्हणते, "आपली तक्रार नोंदवली आहे." घरी मी कुरकुर केली की मलाही तेच ऐकवते.

दर रविवारी सकाळी तलावावर एक कोचबाई अपंग लोकांना कयाक चालवायला शिकवतात, हे तिनेच शोधून काढलं. कयाक म्हणजे एकाच माणसाची लांबट, अरुंद होडी. मी ताईला फक्त सोडायला गेलो होतो. बाईंनी माझ्या बोटांवरचे सुईचे घट्टे बघितले.

"काय शिवता?"

"गाड्यांच्या सीटा."

"मग इथे उभे काय राहिलात? होडीतल्या सीटा बघा जरा, दगड आहेत नुसते."

तेव्हापासून माझे रविवार तिकडेच जातात. बायको म्हणते, घरातल्या सोफ्याला भोक पडलंय ते दिसत नाही तुम्हाला. दिसतं. पण सोफ्यावर बसणाऱ्याला टोचलं तर तो ओरडतो. ताईसारख्या माणसाला टोचलेलं कळतच नाही. शिवणीची एवढीशी गाठ वर राहिली तरी तासाभरात कातडी सोलवटते, आणि ती जखम भरायला तीन-तीन महिने अंथरुणावर पालथं पडून राहावं लागतं. म्हणून मी शिवण बाजूला घेतो, आणि सीट झाली की आधी तळहात फिरवतो, मग मनगटाची आतली बाजू. मनगटाला कळतं ते हाताला कळत नाही.

आता बाईंची रीत. त्यांच्याकडे वल्हं शेवटी हातात मिळतं. पहिला धडा उलटण्याचा. कमरेएवढ्या पाण्यात होडी न्यायची, दोन्ही बाजूंना माणसं उभी करायची आणि होडी मुद्दाम पालथी घालायची. आतल्या माणसाने सीटवरून निसटून वर यायचं. ते जमलं की पुढचं. बाई एकच गोष्ट दहा वेळा सांगतात, "पाण्यात धरून ठेवणारी वस्तू नको. सोडणारी हवी."

मी मान डोलावली होती. अगदी सगळं समजल्यासारखी.

आणि ताईच्या पहिल्या धड्याच्या आदल्या दिवशी मी काय केलं? भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट काढला आणि तिच्या सीटला जोडला. तिच्या पायात जोर नाही, घसरून पडली तर? भावाचं डोकं हे असं चालतं. बकल मागे घेतलं, तिचा हात लागून उघडू नये म्हणून. तुमच्या कलमातलं वाक्य आधी माझ्या डोक्यात तयार झालं होतं, साहेब. काम ओबडधोबड दिसू नये म्हणून पट्ट्यावर रेक्झिनची झडप शिवली. त्यामुळे सकाळी बाईंनी सीटवर हात फिरवला, तेव्हा त्यांना काही लागलं नाही. त्या म्हणाल्या, "वा!" मी फुगलो.

त्याच सकाळी तुमच्या कार्यालयाचा माणूस परवानगीसाठी फोटो काढायला आला होता. बाई पाण्यात उतरल्या होत्या. त्याने मला विचारलं, "सुरक्षेचं काय?" मी ऐटीत झडप उचलून दाखवली. "हे बघा, हलू शकणार नाही." त्याने तीन फोटो काढले आणि गेला. पुढचं बघायला थांबला असता, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

ताईला होडीत बसवताना पट्टा मीच लावला. तिने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी स्पेशल." बाई होडीच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

पाण्यात मोजायचं काम मास्तरांचं. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, दोन्ही डोळे गेलेले, पण होडी सरळ रेषेत नेतात. होडी पालथी झाली. मास्तर मोजू लागले. एक, दोन, तीन. तिसऱ्या अंकाला सगळ्यांचं डोकं वर येतं. चार. पाच. सहाला मास्तरांचा आवाज बदलला. बाईंनी होडी सुलटी करायला जोर लावला, मीही लावला, पण ताईचं अख्खं वजन पट्ट्याला लोंबकळत होतं. नवव्या अंकाला ती वर आली. नाकातोंडातून पाणी, डोळे लाल.

खोकून झाल्यावर पहिलं वाक्य बोलली, "शिंप्या, शिवण पक्की आहे रे तुझी!"

फक्त तीच हसली. बाईंनी माझ्याच पिशवीतून माझी कात्री काढून माझ्या हातात दिली. ती शिवण मी कापली. मी इतकी पक्की शिवली होती की कापायला वेळ लागला.

नंतरचा पट्टा वेगळा. पुढे, पोटावर येणारा, वेल्क्रोचा, म्हणजे बुटांना असते तशा चिकटपट्टीचा. त्याच्या टोकाला लाल रबरी चेंडू शिवलाय. मूठ वळत नसेल तरी मनगटात अडकवून ओढता येतो, दातात धरून ओढता येतो. चेंडू ओढला की पट्टा सुटतो. त्याने ताई मास्तरांच्या तीन अंकांच्या आत वर येते. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. आता ती तलाव एकटी ओलांडते, आणि नव्या लोकांना पहिला धडा तीच देते. या रविवारी पाच जण नवे आहेत. त्यातला एक, डावा हात गमावलेला ट्रक ड्रायव्हर, फोनवर तिला म्हणाला, "बाई, मला पाण्याची भीती वाटते." ती म्हणाली, "आधी बुडवते, मग भीती राहणार नाही."

आणि तुमचं पत्रक आलं. फोटोसकट.

बाईंनी अर्ज केला. मी कार्यालयात खेटे घातले. खिडकीतला माणूस म्हणाला, "वरून आलंय." शेवटी तुम्ही एक पाहणी करणारे साहेब पाठवलेत. बगलेत फाइल, पायात कोरे बूट. पाण्यापासून चार हात लांब उभे राहिले.

"हे बघा ताई, नियम तुमच्या भल्यासाठीच आहे."

"मी याची ताई," ताई म्हणाली. "तुमची शिक्षिका. या, उतरा पाण्यात."

"तसं नको. तुम्ही पट्टा लावून बसा, मी एक फोटो घेतो, विषय संपला."

"पट्टा लागेल," मी म्हटलं. "पण मी बसेन."

कलम सातप्रमाणे मी तीच सीट पुन्हा शिवली होती, कोपऱ्यावरच्या टाक्यासकट. मी बसलो. पायांनी धडपड करता येऊ नये म्हणून ताईने माझे पाय टॉवेलने आवळले. बाईंनी होडी पालथी घातली.

साहेब, पाण्याखाली हिरवट अंधार असतो आणि स्वतःचं वजन पट्ट्यात अडकतं. हात मागे गेला. बोटं बकलला लागली. बटण दाबायला हात तिरका करावा लागतो आणि तिथे सीटची पाठ मध्ये येते. ती पाठ मीच भरली होती, टणक. बाई सहाला मला वर आणणार हे ठरलेलं होतं, तरी चौथ्या अंकाला मी ते विसरलो.

वर आलो तर तुमचे साहेब गुडघाभर पाण्यात उभे होते. फाइल काठावर पडलेली, बुटांचं वाटोळं झालेलं. "पुरे! पुरे करा!" असं ओरडत होते. मास्तर म्हणाले, "ओरडू नका, माझा हिशेब चुकतो."

मग ताई बसली, लाल चेंडू लावून. एक, दोन, आणि केस झटकत वर. तिने त्यांना विचारलं, "आता घेता फोटो?"

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. काठावर ओल्या बुटांनी बसून त्यांनी आमच्यासमोर लिहिलं, 'प्रात्यक्षिक पाहिले. कलम सात जिवास धोकादायक वाटते.' सही केली. आम्ही त्यांना कोरडे मोजे दिले.

त्यावर काल तुमचं उत्तर आलं. 'कलमात बदल करण्याचे प्रयोजन दिसत नाही. पालन न झाल्यास पाण्यात उतरण्याचा उतार कुलूपबंद करण्यात येईल.'

ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपली तक्रार नोंदवली आहे." मग खुर्ची वळवून खिडकीशी गेली. तिकडूनच म्हणाली, "रविवारी सात वाजता मी पाण्यात असणार, आणि ते पाचही जण. पाचही चेंडू शिवून ठेव. आणि तू लिहितोस ना मोठा? मग लिही."

चेंडू शिवून झालेत, आता लिहितोय.

ती चूक पहिल्यांदा मी केली. तिची लाज मला आहे, आणि ती मी चारचौघांत सांगतो. पण मास्तरांचे नऊ अंक संपेपर्यंत मला ती कळली आणि मी ती माझ्या हाताने कापली. तुमच्याकडे माझ्या चुकीचा फोटो आहे, आमचा अर्ज आहे, तुमच्याच माणसाच्या सहीचा कागद आहे. तरीही तुम्हाला 'प्रयोजन दिसत नाही'.

तेव्हा प्रयोजन दाखवतो. कलम सातची सीट माझ्याकडे तयार आहे. शनिवारी सकाळी उतारावर या. पाणी कमरेएवढंच आहे. पट्टा मी बांधीन, घट्ट, तुम्ही म्हणता तसा, बकल मागे. ताई एका बाजूला असेल, बाई दुसऱ्या, मास्तर मोजतील. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही, कारण आमच्याकडे माणसाला पाण्यातून बाहेर काढायची रीत आहे.

त्यात तुम्ही बसणार का?

खुलासा नको, कलमं नकोत. हो की नाही, शुक्रवारपर्यंत कळवा.