शेपटावरचं ओके

मी स्की बोलतोय. बर्फावरून घसरायला पायाखाली बांधतात, तो. आम्ही दोघं असतो. मी डावा. उजवाही इथंच आहे, पण बोलायचं काम माझ्याकडं.

एक आधीच सांगतो. मला फळी म्हणायचं नाही. माझ्या पोटात लाकूड आहे, हे खरं. पण पोटात काय आहे त्यावरून कुणाला हाक मारू नये. मला गुळगुळीत तळ आहे, कडेला पोलादी धार आहे. पुढचं टोक वर वळलेलं आहे आणि मागचंही. त्यामुळे मी जसा सुलटा जातो तसा उलटाही जातो. माझं सगळं रामायण या मागच्या टोकामुळं झालं.

जन्म परदेशातला, बर्फाच्या गावचा. तिथून एका इंजिनिअर बाईंबरोबर आलो. त्या चाकणच्या एका कंपनीत मशिनी बसवायला आल्या होत्या. पुण्याजवळ डोंगर आहेत एवढं त्यांनी वाचलं होतं. बर्फाचं विचारायचं राहिलं. वाकडच्या उंच इमारतीत उतरल्या, घामाघूम झाल्या आणि मला बाल्कनीत उभं केलं.

कामाला येणाऱ्या शालनबाईंनी मला दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं. माझ्यावर ओली पायपुसणी वाळत घातली. एकदा सांडगेही घातले. मी पहाड उतरणारा! पण सांडगे चांगले वाळले. काम कुठलंही असो, मी कमी पडत नाही.

बाई परत निघाल्या तेव्हा सामान जास्त झालं. आम्ही दोघं आणि आमचे बूट शालनबाईंच्या वाट्याला आलो. त्यांनी आम्हाला कुदळवाडीला नौशादच्या भंगाराच्या गोदामात दिलं.

नौशाद माणूस बरा. फक्त टेम्पोत फ्रिज चढवायला आम्हाला उतार म्हणून लावायचा. मी घसरायला जन्मलो, आणि माझ्यावरून फ्रिज घसरत होते.

तिथं स्वरूपा आली. संत तुकाराम नगरची, चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणारी. घरचा मोडका कूलर द्यायला आली आणि मला बघून थांबली.

"नौशादभाई, हे तर स्की!"

"काय आहेत माहीत नाही ताई. फ्रिज मस्त चढतात."

कूलर ठेवून ती आम्हाला घेऊन गेली. हिवाळ्यात औलीच्या बर्फात जाऊन स्की शिकायचं तिच्या फार मनात होतं. घरचे म्हणाले, आबा हो म्हणतील तर जा.

आबा म्हणजे तिचे आजोबा, मालोजी. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे पार्ट तपासणारे रिटायर इन्स्पेक्टर. चांगल्या पार्टवर पिवळ्या रंगात ओके, वाईटावर लाल फुली. कंपनी सुटली, सवय सुटली नाही. घरात पापडसुद्धा उजेडाकडं धरून पास करायचे.

त्यांनी मला एक डोळा मिटून बघितलं.

"मागनं वाकलाय. रिजेक्ट."

"आबा, तो तसाच असतो. उलटं जाता येतं."

"उलटं कशाला जायचं? असल्या मालावर पोरगी डोंगरावर पाठवू व्हय?"

"मग तिथले भाड्यानं घेते."

"ते कोण तपासणार? तिथं मी न्हाई."

"मग याचीच टेस्ट घ्या. पास झाला तर जाऊ द्याल?"

टेस्टला नाही म्हणणं आबांच्या रक्तात नव्हतं. "पास झाला तर जा. न्हाईतर हे शेपूट कापायचं, आन् औलीचं नाव काढायचं न्हाई."

झालं. माझं शेपूट आणि तिची औली एकाच सुतळीला बांधली गेली.

टेस्ट रविवारी, नौशादच्या गोदामामागच्या उतारावर. स्वरूपा म्हणाली होती, पहाडावर बर्फ सगळीकडं सारखा नसतो. कुठं काचेसारखा कडक, कुठं ओला, कुठं भुसभुशीत. आबा म्हणाले, तिन्ही पाहिजेत. मग वर वाढदिवसाचे जुने फ्लेक्स अंथरून साबणाचं पाणी ओतलं. मध्ये पावसानं भिजलेलं गवत होतंच. तळाला थर्माकोलचा चुरा, गुडघाभर. गवत संपतं तिथं मुरमाचा एक उंचवटा होता. तो कुणी बघितला नाही. मी बघितला, पण मला कोण विचारतो!

नौशाद कटर आणूनच उभा होता.

"आधी मी," आबा म्हणाले. "ज्याची सही, त्याचा पाय. नुसता उभा राहतो."

बूट चढवले, आमच्यात अडकवले. नौशादनं दोन्ही हात धरून त्यांना फ्लेक्सवर उभं केलं. फ्लेक्सवर गॉगल घातलेले कुणी भाऊ हात जोडून हसत होते. आबा बरोबर त्यांच्या कपाळावर. पाठ उताराकडं, तोंड आपल्या माणसांकडं, कारण भाषण करायचं होतं.

"नीट बघा. चाललं की हे शेपूट जमिनीत रुतणार, आन्..."

नौशादचा मोबाईल वाजला. त्यानं एक हात सोडला. दुसरा आबांनीच झटकला. "धरतो काय? मी म्हातारा हाय व्हय?"

आम्ही निघालो. उलटे.

आबा बोलायचे थांबले नाहीत. "रुतणार म्हंजे रुतणार... हे बघा रुतलं... न्हाई... अरं... अरं!" भाऊंच्या नाकावरून, खालच्या शुभेच्छुकांच्या रांगेवरून आम्ही गवतात शिरलो. मग मुरूम आला. सरळ शेपूट तिथंच खुपसलं असतं आणि आबा डोक्यावर आपटले असते. माझं टोक वर होतं. ते मुरमावर चढलं, पलीकडं उतरलं, आणि आम्ही थर्माकोलमध्ये घुसून थांबलो. आबा बसल्या जागी छातीपर्यंत पांढरे. मिशा तर पूर्ण.

स्वरूपा रडवेली होऊन धावत आली. "आबा, लागलं का?"

"ह्याला ब्रेक कुठाय?"

"ब्रेक नसतो आबा. पायानं लावायचा असतो. तेच शिकायला जायचंय."

आबांनी मिशीतला थर्माकोल फुंकला. उताराकडं बघितलं. मुरमाकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"आबा, उलटे गेलात की!" वरून नौशाद ओरडला.

"मुद्दाम आलो! शेपटाची टेस्ट राहिली होती. त्यो कटर ठेव आत!" मग नातीकडं न बघता म्हणाले, "जा. पण ब्रेक शिकल्याबिगर घरी यायचं न्हाई."

घरी आल्यावर त्यांनी पिवळा रंग काढला आणि माझ्या शेपटावर ओके लिहिलं. जरा वाकडं आलं. तरी उजेडाकडं धरून त्यांनी ते पास केलं.

आता मी औलीत आहे. पायाखाली खरा बर्फ आहे. शिकवणाऱ्यांनी विचारलं, हे पिवळं काय? स्वरूपा म्हणाली, "आमच्या आबांची सही." संध्याकाळी आबांचा फोन येतो.

"ब्रेक लागतो का?"

"लागतो आबा."

"उलटं जाताना?"

"तेव्हाही."

"मग ठीक हाय." फोन बंद.

माझी धार बोथट झालीय, तळावर फ्रिजचे ओरखडे आहेत. तक्रार नाही. जाता जाता एवढंच सांगतो. कुणाचं शेपूट वाकलेलं दिसलं तर कापायला धावू नका, आधी त्यावर उभं राहून बघा. धरायला माणूस ठेवा. त्याचा मोबाईल मात्र बंद असू द्या.