भोंग्यातला वाघ

महादेवरावांनी शेतात वाघ बसवला, तेव्हा नारळ फोडायला अर्धं गाव नेलं होतं. वाघ म्हणजे खांबावरचा भोंगा. वर सोलरची पाटी, खाली डबा, आणि डब्यात डरकाळी भरलेली. सोनाळ्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला महादेवरावांचा पंधरा एकर हरभरा उभा होता आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रोज जंगलातून उतरून तो खात होता. आता सकाळ-संध्याकाळ भोंगा आपोआप गरजणार आणि मालक घरी गोधडीत पडून राहणार, अशी ती सोय. आपल्या वाट्याचं काम दुसऱ्यानं करावं, ही महादेवरावांची हौस जुनीच.

पहिल्या सकाळी कळप भ्याला, हे खरं. पण भ्याला आणि पळाला तो थेट शेजारच्या बनाबाईच्या दोन एकरांतून. घाटे धरलेली चार तासं, म्हणजे पेऱ्याच्या अख्ख्या ओळी, खुरांखाली गेली. बनाबाई एकटी बाई. तिचं वर्षाचं डाळ-बेसन आणि पुढचं बियाणं त्याच दोन एकरांत होतं. ती तडक बांधावर आली.

"तुमचा वाघ रोही माह्या वावरात हाकलून राह्यला, भाऊ."

"मंग तूबी घे ना वाघ!" महादेवराव हसले. "का नुसती बोंबलतच राहशीन? जमाना कुठी गेला, बाई."

"थो वाघ खांबावरून उतरते का कधी?"

"उतराले थोडी आनला!"

"मंग रोह्याईले समजीनच थे. तुमच्यापरीस त्याईले अक्कल जास्त हाये," असं म्हणून ती आपल्या वावरात गेली.

तिची राखण साधी होती. दिवस उगवायच्या आत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहायचं, कळप दिसला की एकदाच "हाऽऽड!" म्हणायचं आणि त्या आवाजाच्या मागोमाग गोफणीतला दगड सोडायचा. दगड हाताशी नसेल तर ती तोंड उघडत नसे. कावळ्यावर नाही, कुत्र्यावर नाही, माणसावरही नाही. महिनाभरात रोह्यांना कळलं, की हा आवाज आला म्हणजे पाठीत बसतं. मग आवाजावरच कळप माघारी फिरू लागला. तरी बनाबाई दगड सोडायची ती सोडायचीच.

इकडे भोंग्याचा वाघ रोज त्याच वेळेला, त्याच जागेवरून, तेवढाच गरजायचा. आठ दिवसांनी रोही नुसते कान टवकारू लागले. पंधरा दिवसांनी तर गंमतच झाली. डरकाळी ऐकू आली की कळप जंगलातून खाली येऊ लागला. जिथं हा आवाज, तिथं हरभरा आहे आणि माणूस नाही, एवढं त्यांनी बरोबर ताडलं होतं. महादेवरावांना मात्र ते कळेना. त्यांनी आवाज वाढवला, तसा पलीकडचा दुसरा कळपही आला.

रोही लेंड्या टाकायला एकच जागा धरतात. या कळपांनी ती धरली खांबाच्या बुडाशी. ते महादेवरावांच्या सालदारानं, निवृत्तीनं, पाहिलं.

"मालक, वाघाच्या पायापाशी ह्यो टोपलंभर ढीग हाये."

"मंग उचल ना बे! मले काय सांगतं?"

अर्धा हरभरा गेला, तेव्हा महादेवराव मोबाईल घेऊन बांधावर आले.

"बनाबाई, तुह्या आवाजाले लय भेतात म्हने रोही. याच्यात भरून दे बरं एकडाव. भोंग्याले लावतो."

"आवाजात काय हाये? जे हाये थे दगडात हाये. तुमी माराले उभे राहसान का रोज?"

"मी?" शेण उचलायला सांगितल्यासारखं तोंड झालं त्यांचं.

"मंग नाई द्याचा मले. मांगून दगड नाई आला तं माहा आवाजबी तुमच्या वाघावानी फुकट जाईन. मंग मी काय करू?"

महादेवराव गेले. पण मोठ्या माणसाला मागून मिळालं नाही, की त्याला चोरीची लाज वाटत नाही. दुसऱ्या सकाळी त्यांनी निवृत्तीला मोबाईल देऊन बनाबाईच्या धुऱ्यालगतच्या तुरीआड बसवला. तिसऱ्या सकाळी खांबावरून बनाबाईचा आवाज आला. "हाऽऽड! हाऽऽड! हाऽऽड!" डबा थांबेचना.

दोन दिवस कळप पळाला. महादेवरावांनी गावात पेढे वाटले. आठवडा उलटला आणि बनाबाई आपल्या धुऱ्यावरून ओरडली, तेव्हा तिच्याच हरभऱ्यात उभ्या असलेल्या रोह्यांनी मानसुद्धा वर केली नाही. तिनं दगड मारला, तेव्हा एक हटला. बाकीचे खातच राहिले. दोन एकरांत एकटी बाई किती दगड मारणार? त्या दिवशी तिची सात तासं गेली. ती धुऱ्यावर बसून रडली. तिला हरभऱ्याचं दुःख होतंच, पण आपला आवाज आपल्यालाच परका झाला, याचा संताप त्याहून मोठा होता.

मग पदरानं तोंड पुसून ती उठली. तिला नवा आवाज पाहिजे होता, आणि तो असा, की महादेवराव जन्मात भोंग्यात भरणार नाहीत.

दुसऱ्या सकाळी तिनं गोफण फिरवली आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी आरोळी दिली.

"महादेऽऽव्या!"

आणि सण्णकन दगड. पुन्हा "महादेऽऽव्या!" आणि पुन्हा दगड. दहा दिवस ती हात सुजेपर्यंत मारत राहिली. एकही हाक तिनं कोरडी जाऊ दिली नाही. अकराव्या दिवशी नुसत्या नावावर सबंध कळप शेपट्या वर करून डोंगराकडे पळाला. बाजूच्या वावरांतली माणसं काम टाकून हसली.

महादेवराव धापा टाकत आले.

"माहं नाव काऊन घेतं वो? अन् थेबी असं?"

"माहा आवाज तुमी नेला, भाऊ," बनाबाई गोफणीत दगड ठेवत म्हणाली. "मंग मी तुमचं नाव आनलं. लय गुनाचं निंगालं. घ्या भरून मोबाईलात, लावा तुमच्या भोंग्याले. मी नाई म्हनत नाई."

महादेवरावांनी निवृत्तीकडे पाहिलं. निवृत्ती तोंडात उपरणं कोंबून तुरीत शिरला होता.

बनाबाईचा उरलेला हरभरा घरी आला. महादेवराव चाळीस वर्षं गावात मिशीला पीळ देत हिंडले, पण त्यांच्या नावाला काही अर्थ आला तो त्याच हंगामात, आणि तोही फक्त रोह्यांपुरता.