फरशीतले कान

माणसं जुनं घर नवं करतात. ह्या घरात सगळं उफराटं. पांढरीशुभ्र फरशी, काचेचं टेबल, छतात चांदण्या पेराव्यात तसे दिवे, नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. तर नातसुनेने तेच घर जुनं करायला घेतलं. एका भिंतीला हळदी रंग लागला, दारांना शेवाळी. भोपळ्याएवढा नारिंगी दिवा मधोमध लोंबायला लागला. बसायला बुटक्या खुर्च्या आल्या. मग एक लांबट कपाट आलं, त्याचे पाय बारीक, तिरके आणि हातभर उंच.

"हे कपाट आहे की उपाशी बगळा?" सरकारांनी विचारलं.

सरकार म्हणजे नातवाची आजी. हे नाव मुलांनी त्यांच्या पाठीमागे ठेवलं होतं. सरकारांनी ते दाराआडून ऐकलं आणि रागवायचं सोडून ठेवून घेतलं. त्यांची शाळा तिसरीत सुटली, पण जिभेला कधी सुट्टी मिळाली नाही.

"ह्याला रेट्रो म्हणतात, आजी," नातसून म्हणाली. "तुमच्या तरुणपणी घरं असायची ना, तशी सजावट."

"मग एवढा खर्च कशाला? तशी एक वस्तू घरात आहेच. ही काय, खुर्चीत बसलीय."

तोंडाने काही म्हणोत, सरकारांना मनातून हे सगळं गोड लागत होतं. मुलगा-सून नोकरीपायी दुसऱ्या गावी गेल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आता ही पोर उठल्यासुटल्या विचारायची. पडदे जमिनीपर्यंत असायचे का? रेडिओ कुठे ठेवायचात? सरकार ऐटीत सांगायच्या, आठवत नसलं तरी ठोकून द्यायच्या, आणि पोर ते वहीत लिहून घ्यायची. त्यांचं बोलणं वहीत लिहिणारं माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं.

त्या भरातच घात झाला. नातसुनेला एक जुना फोटो सापडला. फोटोत सरकार बाविशीच्या, मान ताठ, आणि पायाखाली रंगीत ठिपक्यांची फरशी.

"आजी, ही मोझॅकची फरशी कुठे गेली?"

"जाईल कुठे? ह्या पांढरीच्या खालीच आहे की. घर घेतलं तेव्हा माझ्यासमोर घातली ती."

बोलून गेल्या आणि सरकारांना वाटलं, जीभ कापून हातात द्यावी.

कारण त्या फरशीच्या पोटात, खिडकीखालच्या कोपऱ्यात, त्यांच्या सासूबाईंचा चहाचा सेट पुरलेला होता.

झालं होतं ते असं. चोपन्न वर्षांपूर्वी फरशी घालायचं काम चाललं होतं. सासूबाई बाहेर गेलेल्या. घरात नवी सून एकटी. सासूबाईंचा सेट होता, सहा कपांचा, निळ्या फुलांचा, सोनेरी काठाचा. त्यात कुणी कधी चहा प्यायलं नव्हतं. तो नुसता बघायचा. सुनेला वाटलं, आज आपण धुऊन लख्ख करून ठेवू, सासूबाई खूश होतील. सहाही कप ट्रेमध्ये घेऊन निघाली, ओल्या सिमेंटवर पाय सटकला, आणि सहाही कप एका दमात गेले. फरशीचा मिस्त्री भला माणूस. पोरीचा चेहरा बघून म्हणाला, "द्या इकडे, बाई. फरशीला खडी लागतेच." त्याने सापडले ते तुकडे कोपऱ्यातल्या ओल्या मालात दाबले. फरशीला पॉलिश झालं त्याच संध्याकाळी सुनेने धान्याची लोखंडी पेटी तिथे ओढली. पेटी जमिनीला चिकटून बसायची. खाली मुंगी दिसायची नाही.

इथवर ठीक होतं. पण सेट गेला कुठे, ही चौकशी झाली तेव्हा आळ आला नणंदेवर. वन्सं तेव्हा सोळाच्या. मैत्रिणींना घरातलं काहीबाही देऊन टाकायची त्यांची खोड होतीच. त्या रडल्या, शपथा घेतल्या. सून गप्प राहिली. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता सासूबाई गेल्या. पुढे त्याची घरात चेष्टा झाली. काही हरवलं की म्हणायचं, वन्संना विचारा. आणि खरं सांगायचं तर ही चेष्टा सगळ्यांत मोठ्याने सरकारच करायच्या.

पेटी मोडीत गेली तेव्हा सरकारांनी हट्ट धरून वरून पांढरी फरशी घालून घेतली. लोक म्हणाले, बाई किती नव्या विचारांची.

आता फरशीवाला आला. छिन्नी, हातोडा, पॉलिशचं यंत्र घेऊन आला आणि एकेक पांढरी लादी उचकटायला लागला. सरकारांनी आधी धुळीचं कारण काढलं. मग गुडघ्यांचं. तिसऱ्या दिवशी खोली झाली, फक्त खिडकीखालचा कोपरा राहिला, कारण सरकार तिथे खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"एवढा तुकडा राहू दे," त्या म्हणाल्या.

"आजी, सगळीकडे ठिपके आणि इथेच पांढरं? टक्कल दिसेल हो," फरशीवाला म्हणाला. "आणि खालचा माल बघा, छिन्नीचा एक टाचा मारलेला नाही. वरची लादी बसवताना कुणीतरी शहाण्याने मारू दिला नाही."

तो शहाणपणा सरकारांचाच होता. त्यांनी नुसती मान हलवली.

"असंही ते लांब कपाट त्याच कोपऱ्यात यायचंय," नातसून म्हणाली. "थोडा वेळ उठा ना, आजी."

कपाट म्हटल्यावर सरकारांचा जीव भांड्यात पडला. पेटीची जागा कपाट घेईल, झाकलेलं झाकलेलंच राहील. त्या उठल्या. कोपऱ्यात यंत्र पोचत नव्हतं, म्हणून फरशीवाल्याने हाताने दगड फिरवला, पाणी मारलं, फडकं ओढलं. आणि निळी फुलं वर आली. काही झिजलेली, काही कालची वाटावीत अशी. सोनेरी काठाचे तुकडे. मध्येमध्ये पांढरे वळसे.

"अय्या, हे काय?" नातसून खाली वाकली. "हे कपाचे कान आहेत."

"मिस्त्रीची हौस," सरकार म्हणाल्या. भिंतीला कान असतात हे त्यांना ठाऊक होतं. फरशीला असले तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

कपाट त्या जागी आलं. पण बगळ्याचे पाय सरकार विसरल्या होत्या. खालची हातभर जागा मोकळी, आणि तिथे फुलं अशी दिसत होती की मुद्दाम मांडलीत. वर त्या बुटक्या खुर्च्या. त्यांत बसलं की माणसाची नजर सरळ कपाटाखाली. सरकारांनी तिथे वर्तमानपत्रांची टोपली सरकवली. नातसुनेने ती उचलली. त्यांनी कुंडी ठेवली. तीही गेली.

"आजी, मोकळंच छान दिसतं. आणि ऐका, रविवारी आत्याआजींना बोलावलंय. त्या काळातलं माणूस यायला हवं ना बघायला."

वन्सं आल्या. सत्तरीच्या, हातात काठी, गळ्यात लांब पट्ट्याची पर्स. त्यांनी दिवा बघितला, पडदे बघितले, रेडिओची कळ फिरवून बघितली. "वहिनी, तू इतकी हौशी कधी झालीस?" असं म्हणत खिडकीसमोरच्या बुटक्या खुर्चीत टेकल्या. सरकार लगबगीने मध्ये उभ्या राहिल्या.

"अशी पुढ्यात काय उभी राहिलीस? मी फोटो काढायला आले नाही."

तेवढ्यात नातू आतून आला. "माझा चष्मा कुणी बघितला का?" आणि मग, घरात सगळे म्हणायचे तसंच, त्यालाही काही न वाटता, "आत्याआजी, तुम्हाला विचारायला हवं."

वन्सं हसल्या. पण हसता हसता त्यांनी पर्सची चेन ओढली, पर्स उघडी करून त्याच्यापुढे धरली. "बघ रे बाबा. नाही माझ्याकडे."

ही गंमत त्या नेहमीच करायच्या. सरकारांनी ती शंभरदा बघितली होती आणि शंभरदा हसल्या होत्या. आज त्यांना पर्सच्या आतलं दिसलं: औषधाची पट्टी, रुमाल, घराची किल्ली. त्यांच्या मनात आलं, चोपन्न वर्षं ही बाई हसत हसत झडती देतेय.

त्या बाजूला झाल्या.

"वन्सं, खाली बसता येईल का? गुडघे दुखतील, पण बसा."

दोघी एकमेकींना धरून जमिनीवर बसल्या. सरकारांनी वन्संचा हात धरून कपाटाखाली नेला आणि एका वळशावर ठेवला. "मोजा."

वन्संनी बोटाने चाचपून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग फुलावर बोट फिरवलं आणि तिथेच थांबवलं.

"सहावा?"

"मिस्त्रीला सापडला नाही. माझ्या हातून फुटले, वन्सं. तुम्ही मैत्रिणीकडे गेला होतात त्या दिवशी."

नातसून वही विसरून उभी होती.

"आई जाताना मला म्हणाली होती," वन्सं म्हणाल्या, "कप आणून दे, मी रागावणार नाही. मी कुठून आणणार होते?"

सरकारांनी तळहाताने फुलांवरची धूळ पुसली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"मोठ्याने म्हण. तुझ्या नातवाला ऐकू गेलं नाही."

"चुकलं माझं," सरकार भिंतीवरचा रंग दचकेल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. "कप मी फोडले. वन्संनी ह्या घरातली काडीसुद्धा कधी नेली नाही. ऐकलंस?"

"ऐकलं," नातू म्हणाला. मग थोड्या वेळाने, घाबरत, "पण मग चष्मा?"

"फरशीत बघ," वन्सं म्हणाल्या. "आजीला वेळ मिळाला असेल तर घातला असेल." आणि त्या हसल्या. ह्या खेपेला पर्स बंदच राहिली.

त्यांना उठवायला नातसून पुढे आली, तर त्यांनी हात झटकला. "मी इथेच बसते. माझ्या आईचा सेट आहे, चोपन्न वर्षांनी भेटतोय. चहा इथेच आण. तू नाही गं, पोरी. वहिनी आणेल."

सरकारांनी गेल्या वीस वर्षांत कुणाला चहा नेऊन दिला नव्हता. त्या खुर्चीला धरून उठल्या, आत गेल्या. नातसुनेने नवे कप आणले होते, नारिंगी गोलांचे, जुन्यासारखे दिसणारे. सरकारांनी दोन कप ट्रेमध्ये ठेवले, चहा ओतला आणि दोन्ही हातांनी ट्रे धरून ठिपक्यांच्या फरशीवरून निघाल्या. पाऊल मोजून, जीव मुठीत धरून.

"वहिनी," जमिनीवरून आवाज आला, "जपून. कोपऱ्यात आता जागा नाही."