हवालदाराच्या पोटावरचा पट्टा

ओळखलंत का मला? दारामागच्या खुंटीवर, हवालदार हंबीररावांच्या खाकी पँटशेजारी लोंबकळतोय तो मीच. मी पट्टा! अस्सल चामड्याचा, पितळी बकलाचा, फौजेत राहून आलेला पट्टा. एरवी मी कुणाशी बोलायला जात नाही, पण कालच्या सव्वीस जानेवारीला जे घडलं त्यानंतर मला गप्प बसवतच नाही. हवालदार सकाळच्या फेरीला निघायच्या आत मला ते कुणाला तरी सांगायचंय. बसा, ऐका.

माझा जन्म कानपूरचा. तिथं मला कापलं, शिवलं, भोकं पाडली, बकल बसवलं आणि माझ्यासारख्या कितीतरी पट्ट्यांबरोबर गठ्ठ्यात बांधून पलटणीत धाडलं. गठ्ठ्यात माझ्या अंगाला अंग लावून एक भाऊ होता. आम्ही दोघं एकाच कातड्यातून निघालेलो. वाटप झालं तेव्हा भाऊ गेला कृष्णात नावाच्या जवानाकडं आणि मी आलो हंबीररावांकडं. हे दोघं साताऱ्याचे, रहिमतपूरच्या बाजूचे, दोघांची गावं एकमेकांपासून तासाभराच्या वाटेवर. परमुलखात गाववाला भेटला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांच्या खाटा शेजारी लागल्या आणि आम्ही भाऊ एकाच खिळ्यावर लटकलो.

कृष्णात अंगानं इतका शिडशिडीत, की माझ्या भावाला अगदी शेवटच्या भोकात अडकवला तरी वीतभर शेपूट उरायचं.

"किष्णात, गड्या, उरल्याल्या पट्ट्यात अजून एक माणूस मावंल की रं!" हंबीरराव चिडवायचे.

"आयेनं चारलं की हुईन जाडा," कृष्णात शेपूट आत खोचत म्हणायचा. "रजा तर मिळू दे."

आणि रजा मिळाली! दोघं एकदमच वर्दीत गावी आले. कृष्णातची आई मनुबाई शिवारातल्या वस्तीवर एकटी राहायची. तिनं दोघांना शेजारी उभं केलं आणि डोळे भरून पाहिलं. मग चुलीपाशी बसवून अशा भाकरी चारल्या की मला एक भोक सैल व्हावं लागलं. माझं भाग्य काय वर्णावं, असे ते दिवस होते.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. त्यात कृष्णात गेला. मी हंबीररावांच्या कमरेला होतो, सगळं पाहिलं, आणि त्याबद्दल मला बोलवत नाही. माझ्या भावाला एका पत्र्याच्या पेटीत बाकीच्या सामानाबरोबर घालून मनुबाईकडं पाठवलं, एवढंच कळलं. त्या रात्री खिळ्यावर मी एकटाच होतो.

पुढं हंबीररावांना पेन्शन झालं आणि ते गावी आले. फौजेत पोट जागेवर ठेवायला कवायत घेणारा उस्ताद होता, गावात कोण असणार? आज बारसं, उद्या जावळ, परवा लग्न. हवालदार आले म्हटलं की पंगतीत वाढणाऱ्याचा हात सैल सुटायचा. हंबीररावांचं पोट हळूहळू पुढं आलं आणि माझे हाल सुरू झाले. एकेक भोक करत मी टोकाला आलो. जेवून ते उठायला लागले की माझ्या बकलाचा काटा जीव मुठीत धरून बसायचा. वर पोट गुरगुरायला लागलं की ते पहिलं मलाच ऐकू यायचं!

गेल्या दिवाळीत बातमी आली. कृष्णातच्या गावानं शाळेपुढं त्याच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं होतं, सव्वीस जानेवारीला त्याच्यावरचा पडदा सरकणार होता. हंबीरराव मनुबाईला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "हंबीर, वर्दीत ये. माझा किष्णात तुझ्या शेजारी हुबा व्हता, तसाच त्या दगडापशी हुबा ऱ्हा. मला दुसरं काय नगं."

"येतो की, आये," हंबीरराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी वर्दी चढवली. पँटची बटणं आणि काजं यांची भेट होईना. वर्दीच्या जाड कापडावर, पोटाच्या मधोमध, तर मी टोकाच्या भोकापर्यंतसुद्धा पोचेना! हवालदारांनी आरशापुढं पोट आत ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. सांगतो, पोटाच्या इतका जवळ असल्यामुळं मला छातीतलंही ऐकू येतं. ते फार लाजले होते.

त्यांची बायको रंगूबाई तासगावकडची. तिथली माणसं आडपडदा ठेवत नाहीत. ती म्हणाली, "आवं, रडताय काय असं? चाला! फौजेत चालत हुता, तवा न्हाई सुटलं प्वाट. उद्यापासनं भात बंद, गूळ बंद, सकाळी अर्धीच भाकरी."

झालं! दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आम्ही निघालो. रोजची ढगळ खाकी पँट, पोटाखाली कसाबसा अडकवलेला मी, पायात बूट. कालव्याच्या कडेनं, उसाच्या फडांमधून, थेट मनुबाईच्या वस्तीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. काय हवा ती! कुठंतरी गुऱ्हाळ चालू असायचं, गुळाचा वास पार रस्त्यापर्यंत यायचा, आणि हवालदार नाक दाबून पुढं सटकायचे. मला वाटलं, जिंकलो! महिन्याभरात माझं एक तरी भोक मोकळं होणार!

पण त्या पहिल्याच सकाळी मनुबाईनं दारातून हाक मारली. "ये लेकरा, टेक. भाकरी टाकते."

"नगं आये. मी वजन उतरवाय चालतोय."

 मनुबाईनं परातीतलं पीठ बाजूला सारलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"चूल का इझवतीस?"

"तू न्हाई खायचा, मग कुणासाठी थापू? एकटीसाठी मी सकाळची चूल पेटवत न्हाई. सांच्याला खाते कायतरी."

हंबीररावांनी तिच्या हातांकडं पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत वर सरकत होती. ते खाली बसले, मांडी घातली. माझं बकल कचकन पोटात रुतलं.

"थाप आये. तुझी एक, माझी एक."

एक म्हणता म्हणता हंबीररावांच्या दोन झाल्या. वर लोण्याचा गोळा, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही. समोर माणूस खातोय म्हणून मनुबाईही एक भाकरी खायला लागली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. जाताना आम्ही घाम गाळायचो आणि येताना जास्तच जड होऊन यायचो!

घरी मात्र रंगूबाई मापून अर्धी भाकरी वाढायची आणि हंबीरराव खाली मान घालून खायचे. बायको आपल्यासाठी एवढं करते आणि आपण दुसरीकडं दोन हाणून येतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ते आतल्या आत कुढत होते आणि मी बाहेरून आवळला जात होतो.

बाजाराच्या दिवशी आप्पासोंच्या अडत दुकानात गुळाच्या काट्यावर, रंगूबाईच्या देखत, हवालदारांचं वजन व्हायचं. चालायला लागून महिना झाला तेव्हा आप्पासोंनी मापं टाकली, काढली, पुन्हा टाकली.

"हवालदार, वाढलंय की हो! कसं, सांगलीच्या बाजारात पाठवायचं का ढेपांबरोबर?"

दुकान खो खो हसलं. रंगूबाई हसली नाही. तिचे डोळे बारीक झाले, आणि ते डोळे मी ओळखतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या मागावर निघाली. बकल पुढं असलं तरी माझी पाठ मागंच असते; मला ती उसाच्या कडेनं पदर खोचून येताना दिसली. पण मी सांगणार कसा? कुरकुरून पाहिलं. हवालदारांना वाटलं, चामडं वाळलंय.

पहिला घास तोंडात गेला आणि दारात रंगूबाई उभी!

"असं हाय व्हय हे चालणं!"

हंबीररावांचा घास तोंडातच राहिला. मनुबाईला काही उमगेना. "कोण, रंगू? ये, बस. तुला बी टाकते."

"आत्याबाई, ह्यास्नी मी घरात अर्ध्या भाकरीवर ठिवते. लोकं हसत्यात आमाला. वर्दीच्या पँटीची शिवण उसवली, आत कापड हुतं म्हनून भागलं. पर ह्यो पट्टा? चार बोटं कमी पडतुया! कालधरनं म्हनत्यात, मी वर्दीत जात न्हाई, धोतर नेसून मागं हुबा ऱ्हातो."

मनुबाईचा थापणारा हात थांबला. "व्हय रं हंबीर?"

"आये, किष्णात कसा तरणाबांड, शिडशिडीत गेला," हंबीरराव खाली बघत म्हणाले. "त्येच्या दगडापशी मी असली ढेरी घिऊन हुबा ऱ्हाऊ? लाज वाटती."

"मग मला आदी का न्हाई सांगितलंस? उद्यापासनं नगं खाऊस."

"आन तू?"

मनुबाई चुलीतलं लाकूड उगाच पुढंमागं करू लागली. रंगूबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या ताटलीकडं, मग नवऱ्याकडं.

"म्हंजी ह्या एकट्या जेवत न्हाईत?"

"न्हाई जेवत. म्हनून मी जेवतो."

रंगूबाई आत आली. ती चुलीपुढं बसली आणि तिनं परात स्वतःकडं ओढली. "सरका आत्याबाई. मी थापते, तुमी दोघं खावा."

आणि मग मनुबाई हसायला लागली! "म्हंजी ह्येचं प्वाट मीच वाढवलं म्हनायचं! मीच!" ती हसता हसता डोळे पुसत होती, पुसता पुसता पुन्हा हसत होती. रंगूबाई हसली, हवालदार हसले, आणि त्यांचं पोट असं हललं की माझा काटा सुटायचाच बाकी राहिला. कृष्णात गेल्यापासून त्या घरात असं कुणी हसलं नव्हतं.

हसणं थांबल्यावर मनुबाई आत गेली. काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझा भाऊ होता.

माझा भाऊ! बकल काळं पडलेलं, अंगावर पेटीतला गंज. पण तोच. ते वीतभर शेपूट अजून कोरं करकरीत, कधी वापरलंच नव्हतं ना! मला काय झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

त्याच दिवशी तिघंही रहिमतपुरात वजीरभाईंकडं गेले. वजीरभाई टांग्याच्या घोड्यांचा साज शिवतात. माझं ढिलं बकल त्यांनीच मागं एकदा बसवून दिलं होतं. त्यांनी भावाला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि आरी खाली ठेवली.

"आई, ह्यो पोराचा हाय. कापू म्हनतीस?"

"काप बाबा," मनुबाई म्हणाली. "पेटीत पडून काय करतुया त्यो? हंबीरच्या प्वाटात माझीच भाकरी हाय. तिच्यापुरती जागा माझ्या पोरानंच द्यावी."

वजीरभाईंनी मान खाली घातली. "बरं. चार बोटं लावतो."

"चार न्हाई, सहा लाव. मी काय उद्यापासनं चारायची थांबनार हाय?"

मेण लावलेला दोरा माझ्यातून भावात आणि भावातून माझ्यात गेला. दुखलं म्हणाल तर दुखलं. पण एकाच कातड्यातून निघालेले आम्ही पुन्हा एका ठिकाणी आलो होतो! रंगूबाईनं चिंच आणि राख लावून माझं बकल असं घासलं की त्यात हवालदारांना तोंड दिसावं.

आणि काल! शाळेपुढं सगळं गाव जमलेलं. पोरं रांगेत, बायका पारावर, झेंडा वर. हंबीरराव वर्दीत चालत आले ते ताठ मानेनं. पोट होतं, लपवलं नव्हतं. कुणीतरी खुसखुसलं, पण हवालदारांनी दगडापाशी टाचा जुळवून असा सलाम ठोकला की खुसखुस जागच्या जागी विरली. मी त्यांना घट्ट धरून होतो. एक टाका हलला नाही!

पडदा सरकला. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारी दगडावर हात ठेवील. ती आधी हंबीररावांपाशी आली. चाचपडत तिनं माझ्यावर हात फिरवला आणि जिथं जोड आहे तिथं थांबवला. तिचा तळवा भाकरी थापून थापून खरबरीत झालेला.

"आता दोघं बी आलं," ती म्हणाली.

हवालदारांच्या छातीत काय झालं ते मला ऐकू आलं, पण ते त्यांच्यापाशीच राहू द्या.

तर अशी माझी कथा. वजन उतरलं का, विचाराल? अजिबात नाही! आप्पासोंचा काटा विचारा. पण हवालदार चालायचे थांबले नाहीत, आणि आता त्यांच्याबरोबर रंगूबाईही चालते. तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. सकाळी रस्त्यानं कुणी पोट सुटलेला माणूस रोज नेमानं चालताना दिसला, तर हसू नका. तो कुणाच्या दारापर्यंत चालत जातो, ते आपल्याला कुठं माहीत असतं?

बघा, बूट वाजले. हात खुंटीकडं येतोय. निघतो मी, मनुबाईनं चूल पेटवली असेल.