दारावरची साल

सकाळी साडेदहाला चंचलनं पॉलिशचं मशीन बंद केलं. भेस्तानच्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या काळ्या गाडीचं पुढचं डावं दार तयार झालं होतं. तिनं स्वतः रंग फवारायची गन चालवून रंगवलेलं हे पहिलंच दार. वर्षभर तिच्या हाती फक्त पॉलिश पेपर होता. दार जमलं तर गन तुझी, नाहीतर पुन्हा घासकाम, असं गॅरेजमालक मगनशेठनं सांगून ठेवलं होतं.

दारात छताची ट्यूबलाइट दिसत होती, पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

छगनमामा, गॅरेजचे जुने पेंटर, वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हाऊ दरवाजा या गाडीना नही."

"का? एक डाग दाखवा."

"डाग नही, तेच तर. मागचं दार देख."

मागच्या दारातही तीच ट्यूब होती, पण तिची कड थरथरत होती. चंचलनं गाल दारापाशी नेला. कंपनीच्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे होते. बोनेटवर, छतावर, सगळीकडे. रस्त्यावर रोज हजारो गाड्या बघून तिला ते कधी दिसलं नव्हतं. शेजारच्या पांढऱ्या गाडीवरही तीच साल. बाहेरच्या टेम्पोवरही. जणू सगळ्या शहराच्या गाड्यांना कातडी होती आणि तिनं एकाच दाराची घासून काढली होती.

"नवरीनं एकाच गालाले पावडर लावी," मामा हसले. "गिऱ्हाईक बघताच म्हणेल, गाडी ठोकलेली आहे."

गिऱ्हाईक भूपेंद्रभाई दुपारी येणार होते.

चंचलनं पुन्हा पॉलिश पेपर घेतला आणि झळाळी मारून टाकली. क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, तिनं या वेळी घट्ट ठेवला, थिनर कमी टाकला. हवेचा दाब उतरवला, गन नेहमीपेक्षा वीतभर लांब धरली. आधी भंगारातल्या बोनेटवर मारून पाहिलं. मग दारावर.

थेंब दाणेदार बसले. आणि तिच्या डोळ्यांसमोर एकमेकांत विरघळू लागले, कोणी न हलवता. उंचवटा बसत होता, खळगा भरत होता. ओल्या क्लिअरला सपाट व्हायचं असतं आणि सुकणं त्याला वाटेतच थांबवतं, त्या दोघांच्या मधे कुठेतरी साल उरते. चंचल श्वास रोखून बघत होती. मामांनीही बिडी पेटवायची थांबवली.

"कंपनीत क्लिअर जिथं थांबलं, तिथंच हे थांबेल का, मामा?"

"माले इचारू नको. त्याले इचार."

फाटकाशी हॉर्न वाजला. "चंचलबेन, भूपेंद्रभाई आवी गया!" मगनशेठ ओरडले.

दाराच्या खालच्या अर्ध्यात ट्यूबची कड मागच्या दारासारखीच थरथरत होती. वरच्या अर्ध्यात ती अजून सरळ होत चालली होती. क्लिअर ओलंच होतं.